जमेची बाजू : महाराष्ट्रातील नगरपालिकांच्या अंदाजपत्रकाचा इतिहास

नगरपालिकेचे वार्षिक अंदाजपत्रक म्हणजे १ एप्रिल ते ३१ मार्च या वर्षात शहराच्या तिजोरीत किती पैसा येईल आणि तो कशावर खर्च होईल, याचा सभेने मंजूर केलेला तक्ता. एका बाजूला जमा, दुसऱ्या बाजूला खर्च. गावात बोलणे होते ते खर्चाचे: कोणत्या प्रभागात गटार झाले, कोणता रस्ता राहिला, बागेला किती ठेवले. महाराष्ट्रातल्या लहान शहरांपुरते पाहिले, तर खर्चाची शीर्षे गेल्या दीडशे वर्षांत फारशी बदललेली नाहीत. रस्ते, दिवाबत्ती, पाणी, सफाई, दवाखाना, शाळा ही एकोणिसाव्या शतकातली यादी आजही ओळखू येते. बदलली ती जमेची बाजू, आणि तिच्यासोबत अंदाजपत्रकावरचा गावाचा ताबाही.

कंपनी सरकारच्या आधी शहरांवर खर्च होत होता, पण शहराची अशी वेगळी तिजोरी नव्हती. पेठ वसवायची तर शेटे-महाजनांना कौल देऊन काही वर्षे करमाफी दिली जाई. बाजारावर, कारागिरांवर आणि दुकानांवर मोहतर्फा होता. मालाच्या ये-जा करण्यावर जकात होती, आणि ती सरकारात किंवा मक्तेदाराकडे जाई. पुण्यात कोतवाल चावडीकडे बंदोबस्त, वजनमापे, झाडलोट अशी कामे होती. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजहून नळाने शहरात आणलेले पाणी हे सत्तेने केलेले काम होते. त्यासाठी पुणेकरांवर वेगळी पाणीपट्टी बसवून, तिचा हिशेब राखून केलेले नव्हे. शहरातून उभा राहिलेला पैसा शहरातच, ठरलेल्या कामांवर आणि ठरलेल्या वर्षात खर्च व्हावा, ही कल्पना इंग्रजी अमदानीतली आहे.

तिची सुरुवातही अडखळतच झाली. १८४२ साली बंगाल प्रांतासाठी केलेल्या कायद्यात घरांवर कर बसवून गावाची स्वच्छता राखण्याची सोय होती, मात्र रहिवाशांनी तशी मागणी करायला हवी होती. सेरामपूरच्या लोकांनी मागणी केली. कर वसूल करायला माणूस दारात आला तेव्हा त्याच्यावर आगळीक केल्याचा दावा लावला. त्यानंतर १८५० चा २६ वा कायदा आला. तो सगळ्या ब्रिटिश मुलखाला लागू होता आणि त्यातली खरी मेख करांच्या कलमात होती. घरपट्टीची सक्ती त्याने केली नाही. अप्रत्यक्ष करांना वाट मोकळी ठेवली. मुंबई इलाख्यातल्या गावांनी हा कायदा इतर प्रांतांपेक्षा लवकर उचलला, त्याचे मोठे कारण हेच. पनवेलला १८५२ मध्ये, अहमदनगरला १८५४ मध्ये, पुण्याला १८५७ मध्ये आणि नाशिकला १८६४ मध्ये नगरपालिका आली. कोल्हापूर संस्थानातही १८५४ मध्ये नगरपालिका सुरू झाली होती.

या पहिल्या पिढीच्या नगरपालिका म्हणजे जिल्हाधिकारी, मामलेदार, कार्यकारी अभियंता आणि सरकारने नेमलेले गावातले चार प्रतिष्ठित. हिशेब जिल्ह्याच्या कचेरीत पाहिला जाई. सरकारी आर्थिक वर्ष १८६७ पासून १ एप्रिलला सुरू होऊ लागले आणि नगरपालिकांचे हिशेबही त्याच चाकोरीत आले. गावाच्या व्यवहाराला हे वर्ष फारसे सोयीचे नव्हते. सुगीचा माल दिवाळीपासून बाजारात येई, उन्हाळ्यात लग्नसराईची खरेदी होई, आणि पावसाळ्याचे चार महिने नाक्यावर शुकशुकाट असे. जूनमधली गटारे आणि ऑगस्टमधले खड्डे यांवरचा खर्च मात्र वसुलीची वाट पाहत थांबत नसे. वर्षाच्या आरंभी हाताशी काही शिल्लक असलीच पाहिजे हा दंडक अंदाजपत्रकात इतका पक्का बसला, त्यामागे हे ऋतुमान होते.

जकात हा या अंदाजपत्रकांचा पाठीचा कणा होता. शहरात वापरासाठी, खाण्यासाठी किंवा विक्रीसाठी येणाऱ्या मालावर ती घेतली जाई. गावात येणाऱ्या प्रत्येक वाटेवर नाका, नाक्यावर नाकेदार आणि शिपाई, हातात दरांचा तक्ता. तक्त्यात धान्य, तूप, तेल, साखर, गूळ यांसारखे खाण्याचे जिन्नस, सरपण आणि जळाऊ तेल, इमारती लाकूड व बांधकामाचे सामान, मसाले, तंबाखू, कापड, धातू असे वर्ग असत. माल गावातून पुढे जाणार असेल तर जकात घेऊ नये, किंवा घेतली तर बाहेर जाताना परत द्यावी, असा नियम होता. त्यासाठी पास, परतावा, गाडीबरोबर दुसऱ्या नाक्यापर्यंत शिपाई धाडणे असा सगळा खटाटोप चाले. सरकारला नगरपालिकांच्या जकातीबद्दल कायम धास्ती असे ती इथेच. देशभरातल्या मालावरच्या वाहतूक जकाती मुंबई इलाख्यात १८३८ मध्ये मोडून काढल्या होत्या. त्या नगरपालिकांच्या नाक्यांवरून मागच्या दाराने परत येतील, असे व्यापाऱ्यांना आणि वरिष्ठ अधिकाऱ्यांना वाटे. ही धास्ती अगदीच निराधार नव्हती. परताव्याचे कागद मिळवण्यापेक्षा जकात भरून मोकळे होणे गाडीवानाला परवडे, आणि नगरपालिकेची जमा त्यामुळे फुगे.

जकातीला गावातून मात्र फारसा विरोध झाला नाही, घरपट्टीला झाला. याची दोन कारणे आहेत. एक म्हणजे जकात वस्तूच्या किमतीत विरून जाते. चार पैशांच्या तेलात नगरपालिकेचा किती वाटा, हे गिऱ्हाइकाला कळत नाही. दुसरे कारण सभासदांच्या याद्या पाहिल्या की समजते. नेमलेले असोत वा पुढे निवडून आलेले, नगरपालिकेत बसणारे बहुतेक जण घरमालक, सावकार, वकील आणि व्यापारी होते. मतदानाचा हक्कही दीर्घकाळ मिळकत आणि कर भरणा यांवर अवलंबून होता. घरपट्टी वाढवणे म्हणजे स्वतःवर कर बसवणे. जकात वाढवली तर तो बोजा साऱ्या गावावर, आणि दर माणशी पाहता गरिबावर जास्त पडे. धान्य आणि सरपण यांवरचा कर श्रीमंताच्या घरात किरकोळ असतो, मजुराच्या घरात नसतो. हा पक्षपात कोणी ठरवून केला असे म्हणता येणार नाही, पण तो मोडून काढण्याची घाईही कोणाला नव्हती.

जकात वसूल करण्याच्या पद्धती दोन: नगरपालिकेच्या नोकरांकरवी किंवा मक्त्याने. मक्त्यात वर्षाची रक्कम लिलावात आधीच ठरून जाई, त्यामुळे जमेचा आकडा बिनचूक येई आणि अंदाजपत्रक करणे सोपे होई. मक्तेदार मात्र दिलेल्या रकमेपेक्षा अधिक काढण्यासाठीच बसलेला असे, आणि नाक्यावरची अरेरावी त्याच्या नावावर न राहता नगरपालिकेच्या नावावर जमा होई. दीडशे वर्षांत ही पद्धत अनेकदा टाकली गेली आणि अनेकदा पुन्हा आणली गेली. विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकातही जकातीचे ठेके निघत होतेच.

जकातीखालोखाल छोट्या छोट्या बाबी होत्या आणि त्यांतून त्या त्या गावाचा स्वभाव दिसतो. पंढरपूर, आळंदी, जेजुरी यांसारख्या क्षेत्रांत यात्रेकरूंवर कर होता. वारीच्या दिवसांत गावाची लोकसंख्या अनेक पटींनी फुगे आणि पटकीची भीती असे, तेव्हा यात्रेचा खर्च यात्रेकरूंनीच द्यावा, असा त्यामागचा हिशेब. माथेरानसारख्या थंड हवेच्या ठिकाणी येणाऱ्या पाहुण्यांवर कर बसला, तो आजही प्रवेशाच्या वेळी घेतला जातो. गाड्यांच्या चाकांवर कर होता, बाजारातल्या बैठकीचे भाडे होते, कोंडवाड्याचा दंड होता. शौचकूप साफ करण्यासाठी घरटी पट्टी असे, आणि त्या मैल्यापासून केलेले सोनखत विकून पुन्हा जमा होई. पुण्याजवळच्या मुठा कालव्यावर ऊस लावणाऱ्या शेतकऱ्यांकडून या खताला चांगली मागणी होती. नगरपालिकेच्या सगळ्या कामांत सफाई हे सर्वांत जड आणि अटळ काम. ते ज्यांच्या जातीवर लादले गेले होते त्यांचे पगार मात्र खर्चाच्या बाजूला सगळ्यांत खालच्या दराने मांडलेले असत. अंदाजपत्रक समतोल दिसे त्यात या दराचा वाटा मोठा होता.

खर्च त्या काळी माणशी काही आण्यांच्या घरात होता. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरमध्ये गावोगावच्या नगरपालिकांचे उत्पन्न, दर माणशी कराचा बोजा आणि झालेली कामे यांची टिपणे आहेत. त्यांत विहिरी, बाजाराचे ओटे, फरसबंदी रस्ते, दवाखाने, धर्मशाळा पुन्हा पुन्हा भेटतात. रस्त्यावरचे दिवे रॉकेलचे. बऱ्याच ठिकाणी चांदण्या रात्री ते लावायचे नाहीत अशी काटकसर असे, म्हणजे तेलाचा अंदाज बांधताना पंचांग हाताशी ठेवावे लागे.

१८७३ च्या मुंबई जिल्हा नगरपालिका कायद्याने मोठ्या आणि लहान गावांच्या नगरपालिका वेगळ्या केल्या. दहा हजारांची लोकसंख्या ही सीमारेषा होती. त्याच्या थोडे आधी, १८७० मध्ये, लॉर्ड मेयोने प्रांतांना काही खर्चाची जबाबदारी वाटून दिली होती, आणि प्रांतांनी ती पुढे गावांकडे ढकलायला सुरुवात केली होती. १८ मे १८८२ चा लॉर्ड रिपनचा ठराव स्थानिक स्वराज्याची सनद म्हणून ओळखला जातो. त्यातला अंदाजपत्रकाशी थेट संबंध असलेला भाग तुलनेने कमी चर्चिला गेला आहे. शहरातल्या पोलिसांचा खर्च तोवर नगरपालिकांच्या माथी होता. पोलिसांच्या नेमणुकीवर, बदलीवर किंवा कामावर नगरपालिकेचा काडीचा अधिकार नाही, तेव्हा पैसाही तिने देऊ नये, असे ठरावाने मान्य केले. त्याऐवजी शिक्षण आणि आरोग्याचा भार तिने उचलावा अशी अपेक्षा ठेवली. १८८४ च्या कायद्याने मुंबई इलाख्यात निम्मे सभासद निवडून येण्याची सोय झाली. पोलिसांच्या जागी अंदाजपत्रकात शाळा आल्या.

अंदाजपत्रक हे वादाचे मैदान होऊ शकते याची जाणीव याच सुमारास दिसू लागली. जोतीराव फुले १८७६ पासून काही वर्षे पुणे नगरपालिकेचे सरकारनियुक्त सभासद होते. १८८० मध्ये व्हाइसरॉयच्या पुणे भेटीच्या स्वागतासाठी हजार रुपये खर्चण्याचा प्रस्ताव आला तेव्हा फुल्यांनी तो पैसा गरिबांच्या शिक्षणावर खर्च करावा असे सुचवले आणि विरोधी मत दिले. बाकीचे सगळे सभासद प्रस्तावाच्या बाजूने होते. सरकारनेच नेमलेल्या सभासदाने सरकारच्या सर्वोच्च प्रतिनिधीच्या स्वागताला नकार द्यावा, ही गोष्ट लक्षणीय आहेच. पण अंदाजपत्रकाच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचे हे की हजार रुपये कुठून कुठे जावेत याचा पर्याय त्यांनी सभेपुढे ठेवला. एका खर्चाला दुसरा खर्च हेच उत्तर असू शकते, ही अंदाजपत्रकी वादाची खरी रीत आहे. पुढे टिळक याच नगरपालिकेत १८९५ मध्ये निवडून आले. केंद्राच्या अर्थसंकल्पावरील भाषणांसाठी पुढे प्रसिद्ध झालेले गोपाळ कृष्ण गोखलेही काही काळ तिचे अध्यक्ष होते.

१८९६-९७ च्या प्लेगने नगरपालिकांचे हिशेब उधळून लावले. घरे रिकामी करणे, झोपड्यांच्या छावण्या, रुग्णालये, निर्जंतुकीकरण या सगळ्याचा खर्च आला आणि त्याच वेळी बाजार ओस पडल्याने जकात बसली. अनेक नगरपालिकांना सरकारकडून उसनवारी करावी लागली. प्लेगने एक धडा असाही दिला की उघडी गटारे आणि विहिरींचे पाणी यांवर वर्षाच्या शिलकेतून भागणार नाही, मोठी भांडवली कामे हवीत. त्यासाठी कर्ज लागे, आणि कर्जासाठी १८७९ चा आणि नंतर १९१४ चा स्थानिक संस्थांच्या कर्जाचा कायदा होता. कर्ज घेतले की पुढच्या वीस-तीस वर्षांच्या अंदाजपत्रकांत हप्ता, व्याज आणि परतफेडीचा निधी ही शीर्षे कायमची बसत. सभासद बदलले तरी ती बदलता येत नसत. कर्जाबरोबर सरकारची नजरही वाढे. मुंबई इलाख्याच्या १९०१ च्या जिल्हा नगरपालिका कायद्याने नगरपालिकांना बरेच मोकळे केले. पण ज्या नगरपालिकेच्या डोक्यावर सरकारी कर्ज, तिच्या अंदाजपत्रकात सरकारला शब्द टाकता येई.

विसाव्या शतकाच्या पहिल्या तिमाहीत शाळांचा खर्च झपाट्याने वाढला. विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नाने १९१८ मध्ये मुंबई इलाख्यात प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला; ब्रिटिश हिंदुस्थानातला सक्तीच्या शिक्षणाचा तो पहिला कायदा. नगरपालिकेने ठरवले तर तिच्या हद्दीत मुलांना शाळेत पाठवणे सक्तीचे करता येत होते, आणि त्यासाठी कर वाढवण्याची तयारी नगरपालिकेने दाखवायची होती. १९२३ च्या कायद्याने प्राथमिक शाळांचा कारभारच स्थानिक संस्थांकडे आला. १९२५ मध्ये मोठ्या शहरांसाठी बरो नगरपालिकांचा कायदा झाला, आणि १९३० च्या स्थानिक निधी लेखापरीक्षा कायद्याने हिशेब तपासण्यासाठी बाहेरचा तपासनीस नेमून दिला. ‘ऑडिटचा पॅरा’ हा शब्द तेव्हापासून नगरपालिकेच्या कचेरीत धाक घालून आहे.

१९२० च्या दशकात सार्वजनिक पैशाच्या प्रश्नाला एक वेगळी धार आली. सीताराम केशव बोले यांनी मुंबई विधिमंडळात ४ ऑगस्ट १९२३ रोजी मंजूर करून घेतलेल्या ठरावाने, सार्वजनिक पैशातून बांधलेल्या आणि राखलेल्या विहिरी, पाणवठे, धर्मशाळा, शाळा आणि दवाखाने अस्पृश्यांना खुले केले. कर सगळ्यांकडून घेतला जातो, मग तळ्यावर काहींनाच का जाता यावे, या प्रश्नाला नगरपालिकेच्या खर्चाच्या पानातूनच उत्तर मिळत होते. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला आणि तो कागदावर ठेवला. १९२६ मध्ये बोले यांनी आणखी एक ठराव आणला: ज्या नगरपालिका आणि जी लोकल बोर्डे या हक्काची अंमलबजावणी करणार नाहीत त्यांचे सरकारी अनुदान थांबवावे. जमेची बाजू दाबून धोरण बदलायला लावण्याची ही युक्ती पुढच्या काळात सरकारांनी सर्रास वापरली, इतक्या चांगल्या कारणासाठी क्वचितच. महाडच्या सत्याग्रहानंतर, ऑगस्ट १९२७ मध्ये, तिथल्या नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला.

याच सुमारास दुसरी एक प्रक्रिया सुरू झाली, तिचा परिणाम आज सर्वांत ठळक दिसतो. गावाचा एखादा कर राज्याने काढून घ्यायचा किंवा बंद करायचा आणि त्याबदली भरपाई म्हणून अनुदान द्यायचे. १९३५ मध्ये मुंबई मोटार वाहन कर कायद्याने मोटारींवरचा कर प्रांताकडे गेला; स्थानिक संस्थांचे टोल आणि वाहनांवरचे कर सुटले आणि त्यांना भरपाई मिळू लागली. १९७५ मध्ये महाराष्ट्राने व्यवसाय कर आपल्याकडे घेतला आणि स्थानिक संस्थांच्या तशा करांपोटी अनुदानाची तरतूद केली. दर वेळी कारण पटण्यासारखे असते. एकच कर राज्यभर एका दराने घेणे सोपे, वसुली स्वस्त, व्यापाऱ्याचा जाच कमी. भरपाईची पहिल्या वर्षाची रक्कमही साधारण बरोबर बसते. फरक दहाव्या-पंधराव्या वर्षी पडतो. कर गावाबरोबर वाढतो. अनुदान ते वाढवणाऱ्याच्या मर्जीने आणि सूत्राने वाढते.

स्वातंत्र्यानंतर प्रौढ मतदानाने सभागृहे बदलली, पण घरपट्टीची अवघड जागा तशीच राहिली. मिळकतीला वर्षाला जे भाडे येऊ शकेल त्यातून दुरुस्तीपोटी दहा टक्के वजा करून करयोग्य मूल्य काढायचे, ही जुनी रीत. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठली आणि करयोग्य मूल्येही त्यांच्याबरोबर गोठली. गावठाणातला मोक्याचा वाडा जुन्या भाड्यावर नाममात्र कर भरी, आणि हद्दीवरच्या नव्या वसाहतीतला छोटा घरमालक त्याहून जास्त. दर चार वर्षांनी नव्याने आकारणी करण्याचा नियम होता. ती चतुर्वार्षिक आकारणी आली की हरकतींचा पाऊस पडे, सुनावण्या लांबत, आणि निवडणूक जवळ असेल तर वाढ निम्म्यावर येई. या कुचंबणेत जकात आणखी जड झाली. १९५३-५४ च्या जॉन मथाई यांच्या कर चौकशी आयोगानेही आणि त्याआधीच्या समित्यांनीही जकातीवर टीका केली होती. जकात नको यावर अभ्यासकांचे जवळजवळ एकमत होते; तिच्याऐवजी काय, या प्रश्नाशी ते संपत असे.

राज्य एक झाल्यावरही काही वर्षे महाराष्ट्रात नगरपालिकांचे तीन कायदे नांदत होते. पश्चिम महाराष्ट्रात मुंबईचे, विदर्भात मध्य प्रांत व वऱ्हाडचा १९२२ चा, मराठवाड्यात हैदराबादचा १९५६ चा. महाराष्ट्र नगरपालिका अधिनियम, १९६५ हा १५ जून १९६७ पासून लागू झाला आणि हे तिन्ही बाजूला सरले. लोकसंख्येनुसार अ, ब, क असे वर्ग झाले. मुख्याधिकारी हा राज्य सेवेतला माणूस झाला. १९७१ च्या लेखासंहितेने अंदाजपत्रकाचा नमुना ठरवून दिला, आणि आज लहान शहरांत ज्याला ‘बजेट बसवणे’ म्हणतात ती पद्धत याच चौकटीत घडली.

तिचा क्रम असा. पावसाळा संपला की लेखापाल खातेप्रमुखांकडून मागण्या मागवतो: पाणीपुरवठा, बांधकाम, आरोग्य, कर, दिवाबत्ती. चालू वर्षाच्या पहिल्या आठ महिन्यांची प्रत्यक्ष जमा आणि खर्च घेऊन त्यात उरलेल्या चार महिन्यांचा अंदाज मिळवला जातो. हे झाले सुधारित अंदाजपत्रक. त्याशेजारी मागच्या वर्षाचे प्रत्यक्ष आकडे आणि पुढच्या वर्षाचे नवे अंदाज. आरंभीची शिल्लक अधिक वर्षाची जमा वजा वर्षाचा खर्च म्हणजे अखेरची शिल्लक, आणि ती शून्याच्या वर राहिलीच पाहिजे. मुख्याधिकाऱ्याने तयार केलेला मसुदा स्थायी समितीपुढे जातो, ती त्यात भर घालते किंवा कापते, आणि फेब्रुवारीच्या सुमारास विशेष सर्वसाधारण सभेत तो मांडला जातो. वर्षाच्या मध्यात एका शीर्षातली रक्कम दुसऱ्यात न्यायची तर पुनर्विनियोजनाचा ठराव लागतो.

कोट्यवधींच्या अंदाजपत्रकात काही हजारांची शिल्लक दाखवलेली असते तेव्हा नवख्या वाचकाला ती अचूकता थक्क करते. प्रत्यक्षात तो आकडा उलट दिशेने आलेला असतो. नगरसेवकांच्या मागण्या आधी खर्चात बसवल्या जातात. मग जमेत थकबाकीची वसुली, गाळ्यांच्या लिलावाचे उत्पन्न, विकास शुल्क आणि मागितलेली पण न मिळालेली अनुदाने यांचे आकडे वर सरकवले जातात, जोपर्यंत खाली थोडी शिल्लक उरत नाही तोपर्यंत. सगळ्यांना हे माहीत असते. घरपट्टीची थकबाकी कागदावर दरवर्षी संपूर्ण वसूल होते आणि मार्चअखेरीस त्यातला मोठा भाग पुन्हा थकबाकीत जातो. त्यामुळे मंजूर कामांची यादी ही होणाऱ्या कामांच्या यादीपेक्षा लांब असते, आणि त्यातले कोणते काम आधी घ्यायचे हा खरा निर्णय वर्षभर निधी उपलब्धतेच्या शेऱ्यातून होत राहतो.

१९९९ मध्ये महाराष्ट्रातल्या नगरपालिकांची जकात बंद झाली. नाके उठले, नाकेदार कर विभागात किंवा पाणीपुरवठ्यात सामावून घेतले गेले, आणि जमेच्या पहिल्या ओळीवर सहायक अनुदान आले. व्यापाऱ्यांना आणि ट्रकवाल्यांना मोठा दिलासा मिळाला, यात शंका नाही. महानगरपालिकांची जकात आणखी काही वर्षे टिकली; २०१० पासून तिच्या जागी स्थानिक संस्था कर येऊ लागला, २०१५ मध्ये तोही बहुतांश उठला, आणि १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आल्यावर मुंबईचे नाकेही गेले. लहान शहरांनी हा बदल अठरा वर्षे आधी पाहिला होता. सहायक अनुदानाचा पहिला खर्च पगारावर होतो. ते उशिरा आले तर पगार उशिरा होतात, आणि राज्य सरकार कधी कधी त्यातूनच वीजबिलाची किंवा कर्जाची वसुली परस्पर कापून घेते. जमेचा सर्वांत मोठा आकडा मुंबईत ठरतो, तेव्हा सभागृहात चर्चेला उरते ती घरपट्टी, पाणीपट्टी आणि गाळ्यांचे भाडे.

जून १९९३ मध्ये अमलात आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांना घटनेत स्थान दिले, अठरा विषयांची सूची जोडली आणि दर पाच वर्षांनी राज्य वित्त आयोग नेमण्याची तरतूद केली. कामे सोपवायची की नाही हे राज्यांवर राहिले; करांच्या बाबतीत नगरपालिकांच्या हाती नवे असे काही आले नाही. वाढला तो योजनांचा पैसा. १९७९-८० मध्ये लहान व मध्यम शहरांच्या एकात्मिक विकासाची केंद्रीय योजना सुरू झाली होती. नंतर नगरोत्थान, स्वच्छ भारत, अमृत, वित्त आयोगाचा बंधित आणि अबंधित निधी असे प्रवाह आले. या निधीचे स्वतंत्र खाते, स्वतंत्र नियम आणि बहुतेक वेळा नगरपालिकेचा स्वहिस्सा. म्हणजे स्वतःच्या उत्पन्नातून उरलेले थोडे पैसेही योजनेच्या हिश्शात अडकतात. मोठी पाणीयोजना अनुदानातून उभी राहते. ती चालवायची वीज, तुरटी आणि माणसे मात्र पाणीपट्टीतून भागवायची असतात, आणि पाणीपट्टी वाढवण्याचा ठराव सभागृहात सहज पास होत नाही. खर्चाच्या बाजूलाही राखीव भाग वाढत गेला: महिला व बालकल्याण, दिव्यांग, दुर्बल घटक यांच्यासाठी ठरावीक टक्के. ही तरतूद योग्यच आहे. वर्षअखेरीस शिलाई यंत्रे आणि सायकली वाटून ती संपवण्याची घाई होते, हा नियोजनाचा दोष.

हिशेबाची पद्धतही बदलली. रोकडीवर चालणारी जुनी किर्द बाजूला ठेवून दुहेरी नोंदीचे, उपार्जित तत्त्वावरचे लेखे आणण्याचा प्रयत्न २००४ च्या राष्ट्रीय नगरपालिका लेखा नियमपुस्तिकेनंतर सुरू झाला, आणि राज्याने २०१३ मध्ये नवी लेखासंहिता काढली. नगरपालिकेकडे किती मालमत्ता आहे, किती देणी आहेत, थकबाकीतली किती खरोखर येण्यासारखी आहे, हे त्यामुळे दिसायला हवे. अनेक लहान शहरांत हे काम बाहेरच्या सनदी लेखापालाकडे दिले जाते. कचेरीत जुन्या नमुन्यातले अंदाजपत्रक आणि बाहेरून आलेला ताळेबंद शेजारी शेजारी नांदतात.

२०२१ च्या अखेरीपासून अनेक नगरपरिषदांची मुदत संपली आणि आरक्षणाच्या न्यायालयीन वादात निवडणुका लांबल्या. अशा ठिकाणी प्रशासकाची राजवट आली, आणि पुष्कळदा मुख्याधिकारी हाच प्रशासक होता. अंदाजपत्रक त्यानेच तयार केले, स्थायी समिती आणि सर्वसाधारण सभा यांचे अधिकार वापरून त्यानेच मंजूर केले. दरवाढीवर हरकत घेणारे, प्रभागासाठी भांडणारे, आकड्यांवर शंका काढणारे सभागृह त्या वर्षांत भरले नाही. ठरावांना क्रमांक मात्र नेमाने पडत राहिले.